बालकथेतील शेत आणि मुलांच्या घरचे शेत

मोरगाव, सुपे या बाजूच्या एखाद्या शाळेत सहावी-सातवीच्या वर्गापुढे शेतीवरील गोष्ट वाचावयास घेतली, म्हणजे एक वेगळीच अडचण उभी राहते. त्या विषयात वर्गातील निम्मी मुले गोष्टीच्या लेखकाहून अधिक जाणती असतात. गोष्टीतील शेतकरी पहाटे उठून बैलजोडी जुंपतो, त्याची कारभारीण दुपारी भाकरी घेऊन बांधावर येते, मृग वेळेवर बरसतो आणि यथाकाल कणसे वाऱ्यावर डोलू लागतात. ऐकणाऱ्या मुलाच्या घरी बैल नाहीत. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. विजेची पाळी रात्रीची असली तर वडील बॅटरी घेऊन रात्रीच मोटार चालू करावयास जातात. गाईचे दूध डेअरीवर जाते आणि तेथे फॅट लागेल त्याप्रमाणे भाव मिळतो. मूल यांतले काहीच बोलत नाही. पुस्तकातील शेत निराळे आणि आपले निराळे, अशी त्याची समजूत होते. आणि परीक्षेत लिहावयाचे ते पुस्तकातील, हेही त्यास लवकरच कळते.

याच्या उलट टोकाची गोष्टही आता मुलांच्या वाचनात येते. तिच्यात एक लोभी शेतकरी असतो. तो रासायनिक खते टाकतो, विषारी औषधे फवारतो, विहिरी खणून पाताळातील पाणी उपसतो. मग गांडुळे रडतात, पाखरे गाव सोडून जातात, आणि शेवटी शहाण्या आजोबांच्या उपदेशाने तो शुद्धीवर येतो. हेतू उत्तम आहे यात शंका नाही. परंतु ही गोष्ट ज्या वर्गात वाचली जाते, त्या वर्गात तिसऱ्या रांगेत बसलेल्या मुलाच्या वडिलांनी कालच कांद्यावर फवारणी केलेली असते. गोष्ट संपल्यावर गुरुजी विचारतात, "या शेतकऱ्याने चूक केली ना?" सर्व वर्ग एकमुखाने "होय" म्हणतो. त्या एका मुलानेही "होय" म्हणावयाचे असते. आपला बाप वर्गापुढे आरोपी म्हणून उभा राहिला आहे, हे त्यास समजते. गुरुजींना बहुधा समजत नाही.

मुलांना माती, पाणी, जनावरे आणि यंत्रे यांच्या संबंधाविषयी विचार करावयास शिकवावयाचे, परंतु घरच्या कष्टाची लाज वाटावयास लावावयाचे नाही, हे कसे साधावे? त्यासाठी शिक्षकाने प्रथम शेतीवरील चांगल्या गोष्टी स्वतः वाचल्या पाहिजेत. त्या गोष्टी बहुतेक वेळी आपण समजतो त्याहून अधिक गुंतागुंतीच्या असतात.

लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेचे 'फार्मर बॉय' हे पुस्तक १९३३ साली निघाले. त्यातील अल्मांझो हा नऊ वर्षांचा मुलगा न्यूयॉर्क राज्यातील एका सुखवस्तू शेतकऱ्याचा मुलगा आहे. वासरांच्या जोडीला जू सवयीचे करावयाचे, हे त्याचे आवडते काम. स्वातंत्र्यदिनाच्या दिवशी तो वडिलांकडे सरबतासाठी एक लहान नाणे मागतो. वडील त्यापेक्षा कितीतरी मोठे, अर्ध्या डॉलरचे नाणे काढतात आणि आधी विचारतात, बटाटे कसे पिकवतात ते सांग. मुलगा नांगरट, खत, लागवड, खुरपणी, काढणी, साठवण असे सर्व सांगतो. मग वडील सांगतात की इतक्या सगळ्या खटाटोपानंतर अमुक मापाच्या बटाट्याला जेवढे मिळते, तेवढे या नाण्यात आहे. नाणे त्याच्या हाती पडते आणि तो सरबत न घेता डुकराचे एक पिल्लू विकत घेण्याचे ठरवतो. व्यवहारी गणिताचा याहून चांगला पाठ क्वचितच सापडेल. आपल्याकडे बटाट्याच्या जागी एक लिटर दूध घ्यावे. पेंड, कडबा, डॉक्टर, आईचे पहाटेचे दोन तास, डेअरीवर नेण्याचे पेट्रोल, हे सर्व मुले स्वतः सांगतात; शिक्षकाला फक्त फळ्यावर लिहावयाचे असते. आईच्या दोन तासांची किंमत काय धरावी, येथे वर्ग अडतो. तो अडू द्यावा.

याच लेखिकेच्या १९३७ सालच्या 'ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक' या पुस्तकात दुसरी बाजू आहे. येणाऱ्या गव्हाच्या भरवशावर बाप उधारीने लाकूड आणून घर बांधतो आणि टोळधाड येऊन सर्व पीक खाऊन जाते. कुटुंबाची शेती म्हणजे सुखाचा संसार, ही समजूत त्या एका प्रकरणाने दूर होते. कर्ज, भरवसा आणि आकाशातून येणारे संकट, हे आपल्या मुलांस समजावून सांगावे लागत नाही.

तथापि या विषयावरील सर्वांत विचार करावयास लावणारे बालपुस्तक कोणते, असे विचारल्यास ई. बी. व्हाइट यांच्या 'शार्लट्स वेब' या १९५२ सालच्या कादंबरीचे नाव घ्यावे लागेल. लेखक स्वतः शेतावर राहून जनावरे पाळणारे होते, हे पुस्तकाच्या पानापानांतून दिसते. डुकरीण व्याली आहे, त्यातील एक पिल्लू दुबळे आहे, आणि ते मारून टाकण्यासाठी वडील कुऱ्हाड घेऊन निघाले आहेत, अशी कथेची सुरुवात होते. आठ वर्षांची फर्न धावत जाऊन कुऱ्हाडच धरते. मी जन्मतः लहान असते तर मलाही मारले असते का, असा तिचा प्रश्न असतो. वडील निरुत्तर होतात व पिल्लू तिला देतात. ती त्यास बाटलीने दूध पाजून वाढवते. पुढे ते सहा डॉलरला मामाच्या गोठ्यात जाते. तेथे एक म्हातारी मेंढी त्यास सांगते की तुला खाऊ-पिऊ घालतात ते नाताळच्या सुमारास कापण्यासाठी. गोठ्याच्या दारातील शार्लट नावाची कोळीण आपल्या जाळ्यात शब्द विणते, लोक तो चमत्कार पाहावयास लोटतात आणि पिल्लाचे प्राण वाचतात. कोळीण मात्र जत्रेच्या मैदानावर एकटीच मरते.

या पुस्तकात दुष्ट माणूस एकही नाही. कुऱ्हाड घेणारा बाप प्रेमळ आहे. मामा साधा भला शेतकरी आहे. मांस हे त्या घराचे अन्न आहे, हे लेखक लपवीत नाही, आणि मुलीचा प्रश्न खरा आहे, हेही लपवीत नाही. दुसरे असे की त्या गोठ्यातील डुकराला नाव आहे. तेथे मोजकीच जनावरे आहेत म्हणून त्यास नाव देता आले. तेच शेकडोंच्या कळपात असते, तर फर्नने कोणाची कुऱ्हाड धरली असती? ज्या गोठ्यात प्रत्येक जनावराला नाव असते ती एक शेती; जेथे जनावरांची फक्त संख्या आणि वजन लिहिले जाते ती दुसरी. कुटुंबाची शेती आणि कारखानदारी शेती यांच्या व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हा एक फरक मुलांस अधिक लवकर उमजतो. अर्थात नाव असलेले जनावरही बाजारात जाते. पोळ्याला शिंगे रंगवलेला बैल म्हातारपणी कोठे गेला, हा प्रश्न मुले विचारतात, तेव्हा तो टाळू नये.

डुकराचे नाव काढताच वर्गात हशा पिकतो. तो पिकू द्यावा व पुढे वाचावे. कोणास वाटल्यास डुकराच्या जागी जत्रेसाठी राखलेला बोकड घालून गोष्ट सांगता येईल. धनगरवस्तीवरील मुलांना तो बदल सांगावाही लागत नाही, ती मनातल्या मनात करून घेतात.

मराठीत या विषयाच्या सर्वांत जवळ येणारी कृती मुलांसाठी लिहिलेली नाही. आनंद यादव यांची 'गोतावळा' ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. मळ्यावर राबणारा नारबा हा गडी कोल्हापूरकडील बोलीत आपली हकीकत स्वतः सांगतो. त्याला स्वतःचे कुटुंब नाही, जमीन नाही. मळ्यावरील बैल, गाय, कुत्रे, कोंबड्या, झाडे, पाखरे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो. मग बैलांचे काम संपते, आणि एकेक करून तो गोतावळा विस्कटत जातो. ही कादंबरी जशीच्या तशी वर्गात वाचण्याजोगी नाही, तिच्यात प्रौढ वाचकांसाठी असलेला भाग पुष्कळ आहे. परंतु शिक्षकाने ती अवश्य वाचावी आणि जनावरांचा भाग निवडून आपल्या शब्दांत सांगावा.

'गोतावळा' वाचताना एक गोष्ट ध्यानात येते, जी परदेशी बालकथांत सहसा सापडत नाही. ट्रॅक्टर येण्यापूर्वीची ती शेतीदेखील नारबाची नव्हती. जमीन मालकाची, बैल मालकाचे, निर्णय मालकाचा. नारबाचे होते ते कष्ट आणि माया. यंत्र आले तेव्हा फायदा मालकास झाला आणि गमावले नारबाने. 'घरची शेती' असा शब्द आपण सहज वापरतो, तेव्हा त्या घराच्या ओसरीबाहेर बसणारी माणसेही त्या शेतीत असतात, हे विसरतो. वर्गातील काही मुले त्या ओसरीबाहेरच्या घरांतून आलेली असतात. आनंद यादवांनीच 'झोंबी' या १९८७ सालच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीत शाळेसाठी तळमळणारा मुलगा आणि त्याला शेतात राबवू पाहणारा बाप यांचा झगडा रंगवला आहे. त्या पुस्तकास १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सुगीच्या दिवसांत हजेरीपटावर पडणाऱ्या गैरहजेरीच्या खुणा ज्या शिक्षकांना पाहाव्या लागतात, त्यांनी हे पुस्तक न वाचणे हे नुकसानच होय.

आता आपल्या भागाकडे वळावे. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके म्हणजे या विषयाचे उघडे पुस्तक आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पश्चिमेस कऱ्हेच्या खोऱ्यात मोरगाव, सुपे हा जिरायत टापू. पाऊस थोडा, माळ उघडे. बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी यांवर पिढ्या जगल्या. येथील माळरान रिकामे दिसते, परंतु ते तसे नाही. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. क्षेत्राने ते जेमतेम पाच चौरस किलोमीटर, तरीही चिंकारा तेथे टिकून आहे. शेती आणि रानजीव एकमेकांच्या शेजारी कसे राहतात, याची गोष्ट सुप्याच्या मुलांना परदेशातून आणावयास नको.

दक्षिणेस नीरेच्या काठी चित्र अगदी वेगळे. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा पुरा झाला आणि १८८५ च्या सुमारास वाहू लागला. पाण्यामागोमाग ऊस आला. पण १९१० साली, म्हणजे अवघ्या पाव शतकात, डॉ. हॅरल्ड मॅन यांना एका सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. अतिपाण्याने जमिनीखालची पातळी वर आली, पाण्याबरोबर क्षार वर आले, पाणी उडून गेले आणि क्षार तेवढे मातीच्या वरच्या थरात राहिले. चोपण जमीन म्हणजे काय, हे कालव्याकाठच्या मुलांना ठाऊक असते. ती कशी होते, हे ठाऊक नसते. एका ताटलीत माती घेऊन मिठाचे पाणी घालावे व उन्हात ठेवावे. दोन-तीन दिवसांत पांढरी साय दिसू लागते. कालवा वाईट होता काय? दुष्काळात ज्यांनी माणसे मरताना पाहिली, त्यांनी तो मागितला. दोन्ही खरे आहे, आणि गोष्टीत दोन्ही आले पाहिजे.

पूर्वेस इंदापूर तालुक्यात कळंबच्या शिवारात वालचंदनगर वसले. शेठ वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने १९३० नंतरच्या दशकात आसपासच्या खातेदारांच्या जमिनी खंडाने घेऊन साखर कारखाना आणि त्याचा स्वतःचा ऊसमळा उभा केला. कारखानदारी शेती हा शब्द येथे अक्षरशः खरा होता. एकच मालक, पगारी मजूर, हजारो एकर, आणि पेरावयाचे काय हे ठरवणारी कचेरी. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर अशा कारखान्यांच्या जमिनी शासनाने घेतल्या व त्यांच्यासाठी १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. मूळ खंडकऱ्यांना जमीन परत मिळण्याचा प्रश्न पुढे कित्येक दशके चालला. तिसरा मार्ग सहकाराचा. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी त्याचा पाया घातला, आणि त्याच वाटेने नीरेच्या खोऱ्यात सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर येथील कारखाने निघाले. येथे ऊस कुटुंबाच्या शेतातला, पण जातो तो यंत्राच्या तोंडी. आणि कारखाना परका नव्हे, कारण बाप त्याचा सभासद असतो. इंग्रजी बालकथांतील 'घरचे शेत विरुद्ध राक्षसी कारखाना' ही मांडणी येथे जशीच्या तशी बसत नाही. आणि तो ऊस तोडणारी माणसे ना सभासद, ना येथली. बीड, अहिल्यानगर इकडून दिवाळीच्या सुमारास त्यांच्या गाड्या येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात, आणि त्यांची मुले हंगामापुरती आपल्या पटावर येतात किंवा येत नाहीत. उसावरील गोष्ट त्या मुलाच्या तोंडून सांगितली तर कशी होईल, याचा विचार एकदा करून पाहावा.

जमिनीचे तुकडे हाही त्याच गोष्टीचा भाग. डॉ. मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. १७७१ साली तेथे सरासरी धारणा सुमारे ४० एकर होती. १९१५ च्या सुमारास ती सुमारे ७ एकरांवर आली होती. हे दोन आकडे फळ्यावर लिहून पुढचा प्रश्न विचारावा: सात एकरांचे तीन भावांत वाटप झाल्यावर काय? आपल्या आजोबांकडे किती जमीन होती, हे मुले घरून विचारून आणतात. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड शहरात गेले आहे. शेवटी शेताचा वाटा किती उरला, हे तेथील उंच इमारतींवरून समजते.

अशा सामग्रीतून शिक्षकाने स्वतः गोष्ट रचावी. तिचा नमुना म्हणून पुढील कल्पित कथा वर्गात सांगता येईल.

एका वस्तीवर सहावीत शिकणारी एक मुलगी, तिचे आईवडील आणि आजी राहत. शेत तीन एकर, विहिरीला पाणी मार्गशीर्षापर्यंत. वडिलांनी कर्ज काढून कोंबड्यांचे शेड बांधले. कंपनीने पिल्ले, खाद्य, औषध द्यावे. घरच्यांनी शेड, वीज, पाणी आणि मेहनत द्यावी. सहा आठवड्यांनी पक्षी तोलून न्यावेत आणि किलोमागे पैसे द्यावेत, असा करार. कंपनीचा सुपरवायझर पाहणीस आला, तेव्हा अंगणात आजीच्या सहा गावरान कोंबड्या उकिरडा उकरीत होत्या.

"दादा, शेडजवळ गावरान कोंबडी चालायची नाही," तो म्हणाला. "राणीखेत आली तर शेड रिकामं होईल. नुकसान तुमचंच."

"या कोंबड्यांच्या अंड्यांवर तुझ्या वह्या-पुस्तकं आली," आजी मुलाला म्हणाली. "त्या आता रोगट झाल्या व्हय?"

वडील काही बोलले नाहीत. पाच कोंबड्या बाजारात गेल्या. सहावी खुडूक होती. मुलीने ती आणि अकरा अंडी पलीकडच्या बांधावर, बाभळीखाली डालग्यात लपवली.

पिल्ले शेडमध्ये आली. पिवळाजमर्द गालिचा अंथरावा तशी ती भाताच्या तुसावर पसरली. रोज संध्याकाळी मेलेली उचलून कार्डावर आकडा लिहिण्याचे काम मुलीकडे आले. 'मरतूक ४', 'मरतूक २', असे ती लिही. एका पिल्लाचे बोट वाकडे होते. ती त्यास ओळखू लागली आणि एके दिवशी नाव शोधू लागली.

"नाव ठेवू नको, बाळ," आई म्हणाली. "बॅच निघायची आहे."

पाचव्या आठवड्यात वैशाखातील एका दुपारी वीज गेली. पंखे थांबले. जड झालेले पक्षी चोची उघडून धापा टाकू लागले. वडील जनरेटरसाठी मोटारसायकलवर धावले. आईने, मुलीने आणि आजीने गोणपाटे भिजवून शेडच्या जाळीला लावली, घागरींनी पत्र्यावर पाणी ओतले. आजी सर्वांत शेवटी बसली. संध्याकाळी मोजले तेव्हा मेलेले पक्षी तीनशे बारा भरले. त्यांत वाकड्या बोटाचा होता की नाही, ते मुलीला ओळखता आले नाही.

खड्डा बुजवून वडील बांधाकडे गेले. बाभळीखाली कोंबडी आपली पिल्ले घेऊन माती उकरीत होती. ते बराच वेळ पाहत राहिले.

"किती हायेत?"

"अकरातली नऊ," मुलगी म्हणाली.

वडिलांनी एक पिल्लू ओंजळीत घेतले, परत खाली सोडले. मग विचारले, "पुढची बॅच यायला किती दिवस आहेत गं?"

गोष्ट येथेच थांबवावी. मुलांकडून लगेच ओरड होते, "पुढे काय झाले?" त्याचे उत्तर शिक्षकाने देऊ नये. कोण चुकले, हा प्रश्न तर विचारूच नये. तो विचारताच वर्ग पुन्हा न्यायालय होतो. शेडमधील पक्षी कोणाचे होते, बाभळीखालचे कोणाचे? वीज गेली तेव्हा नुकसान कोणाचे झाले? काय पाळावयाचे हे कोण ठरवत होते? कंपनीच्या नियमामागे कारण होते की नुसता हट्ट? हे प्रश्न पुरेत. ज्याच्या घरी शेड आहे, असा मुलगा येथे तोंड उघडतो. राणीखेत म्हणजे काय, एका बॅचला किती पोती खाद्य लागते, उन्हाळ्यात रात्री कसे जागावे लागते, हे तो सांगतो आणि वर्ग ऐकतो. गोष्टीतील माणसे त्याच्या ओळखीची आहेत आणि गोष्टीने त्याच्या वडिलांस खाली पाहावयास लावलेले नाही. मगच तो बाभळीखालच्या कोंबडीविषयी विचार करावयास मोकळा होतो.

कल्पित आहे ते कल्पित म्हणून सांगावे. रेचल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या १९६२ सालच्या पुस्तकाने कीटकनाशकांविषयी जगाचे डोळे उघडले. त्या शास्त्रीय पुस्तकाचा आरंभदेखील पाखरांचा आवाज बंद पडलेल्या एका काल्पनिक गावाच्या गोष्टीने होतो. पण लेखिका लगेच स्पष्ट करतात की असे नेमके गाव कोठे नाही. त्यातील एकेक आपत्ती मात्र कोठे ना कोठे घडलेली आहे. हा प्रामाणिकपणा शिक्षकानेही पाळावा. आपल्या गावातील कोणाची हकीकत नाव बदलून वर्गात सांगितली, तर ती संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी पोहोचते, हेही ध्यानात असावे.

गोष्टीनंतर एखाद्या शेतकऱ्यास वर्गात बोलवावे. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादामुळे आपल्याकडे अनेक शिक्षकांनी वाचले आहे. त्यात मुख्याध्यापक कोबायाशी एका शेतकऱ्यास मुलांपुढे उभे करतात आणि हे तुमचे शेतीचे शिक्षक, अशी ओळख करून देतात. तो संकोचतो, आपण शिक्षक नाही असे म्हणतो. मुख्याध्यापक आपला शब्द मागे घेत नाहीत. मग तो मुलांना तण काढावयास शिकवतो, किडे आणि पाखरे यांविषयी सांगतो. आपल्याकडे बोलावणे बहुधा गावातील मोठ्या बागायतदारास जाते. ते जावे, पण माळावर मेंढरे वळणाऱ्या म्हाताऱ्या धनगरालाही जावे, खुरपणीस जाणाऱ्या एखाद्या मावशींनाही जावे, आणि हंगामात कोपीवरून एखादे ऊसतोड जोडपे येऊ शकले तर त्यांनाही खुर्ची द्यावी. बोलणाऱ्याची बोली सुधारू नये. मुलांनी प्रश्न आधी वहीत लिहून आणावेत, म्हणजे ऐनवेळी शांतता पसरत नाही.

शेवटची पायरी मुलांच्या लेखनाची. 'माझा आवडता प्राणी' या निबंधाने आजवर हजारो गाई 'उपयुक्त प्राणी' करून सोडल्या. त्याऐवजी घरच्या शेतातील एका दिवसाची गोष्ट लिहावयास द्यावी आणि अट एकच घालावी: जे पाहिले तेच लिहावयाचे. त्यात ट्रॅक्टर आला तर येऊ द्यावा, फवारणीचा पंप आला तर येऊ द्यावा, डेअरीच्या सचिवाचे नावही येईल, तेवढे खोडावे. शब्द गावचे राहू द्यावेत. पाळी, दारे धरणे, खुडूक, डालगे, वापसा, चोपण यांना प्रमाणभाषेतील प्रतिशब्द शोधू नयेत. शेवटच्या पानावर त्यांची अर्थासह यादी मुलांकडूनच करून घ्यावी. ज्याच्या घरी जमीन नाही, त्याने काय लिहावे, असा प्रश्न हमखास येतो. ज्या शेतात त्याची आई कामाला जाते, त्याविषयी लिहावे. हस्तलिखित दोऱ्याने शिवून शाळेच्या वाचनालयात ठेवावे, दाखल नोंदवहीत इतर पुस्तकांप्रमाणेच त्याला क्रमांक द्यावा, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला ते वाचावयास देताना नेहमीप्रमाणे सही घ्यावी.